वाचकांचे प्रश्न : चीर देण्याआधीची तीन मिनिटे

शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती : चीर देण्यापूर्वी त्वचेला जे जंतुनाशक लावतात, त्यात चांगले कोणते? म्हणून या वेळी इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून याच प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या आईच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पोटाला तपकिरी औषध लावले होते. घरी आल्यावरही त्याचे डाग कमरेवर दिसत होते. तीन वर्षांनी तिचे पित्ताशय काढले, तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात गुलाबी रंगाचे, स्पिरिटसारखा उग्र वास असलेले औषध वापरले. पहिल्या वेळी टाक्यांच्या जागी पू झाला आणि महिनाभर ड्रेसिंग करावे लागले. दुसऱ्या वेळी काहीच त्रास झाला नाही. तपकिरी औषध हलक्या प्रतीचे होते, असे समजायचे का?

उत्तर : तुमच्या मनातील शंका स्वाभाविक आहे, परंतु एका रुग्णाच्या दोन अनुभवांवरून औषधाची प्रत ठरवता येत नाही. जखमेत पू होण्यामागे रक्तातील साखर, धूम्रपान, शस्त्रक्रियेला लागलेला वेळ, शरीराचे तापमान उतरणे, प्रतिजैविकाचे इंजेक्शन चीर देण्यापूर्वी योग्य वेळी मिळाले की नाही, अशी अनेक कारणे असतात. शिवाय दोन्ही शस्त्रक्रिया एकसारख्या नव्हत्या. तरीही तुमचा मूळ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गेल्या पंधरा वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे.

आधी त्वचेविषयी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. उपकरणे वाफेच्या दाबाखाली पूर्णपणे निर्जंतुक करता येतात, त्वचा मात्र तशी करता येत नाही. तिच्यावरील जंतू केवळ पृष्ठभागावर नसतात, तर केसांच्या मुळांशी आणि तैलग्रंथींच्या आतही वस्ती करून असतात, आणि त्यांचा साधारण पाचवा हिस्सा कोणत्याही जंतुनाशकाच्या टप्प्यात येत नाही, असे मानले जाते. म्हणून जंतुनाशकाकडून दोनच गोष्टी अपेक्षित असतात : चीर देण्याच्या क्षणी पृष्ठभागावरील जंतूंची संख्या शक्य तितकी खाली आणणे आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत ती खालीच ठेवणे. पहिले काम चटकन करणारे औषध दुसरे काम करीलच असे नाही, आणि निवडीतील बहुतेक गुंता येथूनच सुरू होतो.

व्यवहारात तीन द्रव्यांचा विचार करावा लागतो. अल्कोहोल जंतूंची प्रथिने गोठवून त्यांना काही सेकंदांत मारते. त्यासाठी त्यात थोडे पाणी असावे लागते, म्हणूनच शुद्ध अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांच्या आसपासचे द्रावण अधिक प्रभावी ठरते. परंतु ते उडून गेले की मागे काहीच उरत नाही. तुमच्या आईला लावलेले तपकिरी औषध बहुधा पोव्हिडोन आयोडीन असावे. १९०८ मध्ये अँतोनिओ ग्रोसिक या शल्यचिकित्सकांनी त्वचेच्या तयारीसाठी टिंक्चर आयोडीन वापरण्याची पद्धत मांडली. ते झोंबत असे आणि त्वचा भाजतही असे, म्हणून पुढे १९५०च्या दशकात आयोडीन एका बहुवारिकाशी (लांब साखळीच्या मोठ्या रेणूशी) बांधून हळूहळू सुटेल असे करण्यात आले. त्याचा मारा व्यापक आहे, जिवाणू, बुरशी आणि विषाणू या सर्वांवर ते चालते. मात्र रक्त आणि पू यांच्या संपर्कात ते लवकर निष्प्रभ होते. तिसरे क्लोरहेक्सिडीन, जे १९५४ पासून वापरात आहे. ते जंतूंच्या पेशीचे आवरण फोडते, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे ते त्वचेच्या वरच्या थराला चिकटून राहते, त्यामुळे त्याचा परिणाम कित्येक तास टिकतो. क्लोरहेक्सिडीनला स्वतःचा रंग नसतो. औषध कोठे लागले आणि कोठे राहिले हे दिसावे म्हणून त्यात गुलाबी किंवा नारिंगी रंग मिसळतात. तेव्हा रंगावरून औषधाच्या ताकदीचा अंदाज बांधू नये.

आता तुलना. २०१० मध्ये अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील ८४९ रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिने साऱ्या जगातील शस्त्रक्रियागृहांची सवय बदलली. अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीन लावलेल्या रुग्णांपैकी ९.५ टक्क्यांना, तर पाण्यातील पोव्हिडोन आयोडीन लावलेल्यांपैकी १६.१ टक्क्यांना संसर्ग झाला. फरक मोठा होता आणि क्लोरहेक्सिडीनचा जयजयकार झाला. पण वरील वाक्य पुन्हा सावकाश वाचून पाहावे. एका बाजूला दोन औषधे होती, क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल, तर दुसऱ्या बाजूला एकच. जिंकले कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळणेच शक्य नव्हते. ही बाब मला आजही फार महत्त्वाची वाटते, कारण अनेक डॉक्टरांच्या तोंडी त्या चाचणीचा निष्कर्ष ‘आयोडीनपेक्षा क्लोरहेक्सिडीन सरस’ असा अर्धाच राहिला आहे.

दोन्ही बाजूंना अल्कोहोल ठेवून केलेल्या चाचण्या पुढे झाल्या आणि त्यांचे उत्तर एकसारखे आले नाही. २०१६ मध्ये सिझेरियन झालेल्या ११४७ स्त्रियांच्या चाचणीत क्लोरहेक्सिडीनच्या बाजूला संसर्ग ४ टक्के, तर आयोडीनच्या बाजूला ७.३ टक्के होता. येथे कौल क्लोरहेक्सिडीनला मिळाला. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील तीन रुग्णालयांत हृदयाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ३३६० रुग्णांत मात्र आयोडीनकडे ५.१ आणि क्लोरहेक्सिडीनकडे ५.५ टक्के, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच निघाले. त्याच वर्षी हाडे मोडलेल्या हजारो रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत, जेथे हाड त्वचेबाहेर आलेले नव्हते अशा रुग्णांत, अल्कोहोलमधील आयोडीनकडे २.४ टक्के आणि अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीनकडे ३.३ टक्के संसर्ग आढळला, म्हणजे पारडे उलट बाजूला झुकले. चित्र आणखी गुंतागुंतीचे करणारी एक चाचणी २०२१ची आहे. सात देशांतील ५४ रुग्णालयांत पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ५७८८ रुग्णांत अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीन हे पाण्यातील आयोडीनपेक्षा सरस ठरले नाही. जेथे एकूणच संसर्गाचे प्रमाण फार असते आणि जखमा आधीच दूषित असतात, तेथे त्वचेवरील औषध बदलून मिळणारा लाभ इतर कारणांखाली झाकला जात असावा, असे मला वाटते.

या सर्वांतून माझे मत असे झाले आहे. अखंड, निरोगी त्वचेवर अल्कोहोल असलेले द्रावण वापरावे, हा निर्णय महत्त्वाचा. त्या अल्कोहोलमध्ये क्लोरहेक्सिडीन असावे की आयोडीन, हा त्यानंतरचा आणि त्या मानाने लहान निर्णय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीनची शिफारस केली आहे, आणि विशिष्ट कारण नसेल तर मीही तेच वापरतो. पण एखाद्या शल्यचिकित्सकाने अल्कोहोलमधील आयोडीन वापरले तर रुग्णावर अन्याय झाला, असे मी म्हणणार नाही. तुमच्या आईला पहिल्या वेळी पाण्यातील आयोडीन लावले असेल तर ते निकृष्ट नव्हते. आज अधिक चांगला पर्याय उपलब्ध आहे, एवढेच म्हणता येईल. जखम का चिघळली याचे खापर त्या औषधावर फोडू नये.

प्रश्न : शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जंतुनाशक साबणाने स्नान करावे आणि त्या जागेचे केस घरीच वस्तऱ्याने काढून यावे, असे मला एका नातेवाइकाने सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : स्नान अवश्य करावे, वस्तरा मात्र मुळीच लावू नये. आदल्या दिवशी केलेल्या दाढीने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे पडतात, त्यांतून बारीक लस झिरपते आणि रात्रभरात तेथे जंतू वाढतात. सकाळी कितीही उत्तम औषध लावले तरी ते या वाढलेल्या संख्येशी झुंजत राहते. केस काढण्याची गरज नसेल तर ते राहू द्यावेत. काढणे आवश्यकच असेल तर रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या थोडा वेळ आधी, त्वचेला न कापणाऱ्या क्लिपरने काढावेत. स्नानासाठी साधा साबण चालतो. या बाबतीत जंतुनाशक साबण साध्यापेक्षा निश्चितपणे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. बेंबी, जांघ आणि काखेतील मळ नीट निघणे अधिक महत्त्वाचे, कारण मळाच्या थराखाली औषध पोहोचत नाही. स्नानानंतर त्या भागावर तेल, क्रीम किंवा पावडर लावू नये.

प्रश्न : मला मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात. त्यामुळे मला आयोडीनची ॲलर्जी आहे असे समजून माझ्या कागदपत्रांवर तशी नोंद केली आहे. ही नोंद योग्य आहे का?

उत्तर : ही समजूत फार जुनी आहे आणि दुर्दैवाने अनेक रुग्णालयांच्या अर्जांतही ती शिरलेली आहे. माशांची ॲलर्जी ही माशांतील प्रथिनांमुळे होते, त्यांतील आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन हे मूलद्रव्य आहे. कंठातील थायरॉइड ग्रंथीला त्यावाचून काम करता येत नाही, आणि तुम्ही रोज आयोडीनयुक्त मीठ खात असाल तर ते तुम्हाला बाधत नाही, हे तुमच्याच अनुभवावरून दिसेल. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या आयोडीनयुक्त औषधाने कोणाला त्रास झाला तर तोही त्या संपूर्ण रेणूचा परिणाम असतो, आयोडीनचा नव्हे. तेव्हा माशांच्या कारणावरून पोव्हिडोन आयोडीन टाळण्याची गरज नाही. ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवून ती नोंद दुरुस्त करून घ्यावी आणि ‘मासे’ असे नेमके लिहून घ्यावे.

पोव्हिडोन आयोडीन लावल्यानंतर पाठीवर किंवा नितंबावर लाल चट्टा उठल्याचे पुष्कळ जण सांगतात. बहुतेकदा ती ॲलर्जी नसते. औषध अंगाखाली ओघळून चादरीत मुरते, रुग्ण त्या ओल्या चादरीवर तास-दोन तास निश्चल पडलेला असतो आणि त्वचा चरचरते. खरी ॲलर्जी क्वचित असते, पण असते, म्हणून चट्ट्याचा फोटो काढून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

उलट, ज्याची चौकशी फारशी कोणी करत नाही ते क्लोरहेक्सिडीन मात्र क्वचित प्रसंगी प्राणघातक प्रतिक्रिया घडवू शकते. ते केवळ शस्त्रक्रियागृहात नसते. गुळण्या करण्याची औषधे, मलमे, लघवीची नळी घालताना वापरायची जेली, मोठ्या शिरेत ठेवायच्या काही नळ्यांवरील लेप, अशा अनेक ठिकाणी ते असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. एखाद्या गुळण्यांच्या औषधाने तुमचे ओठ सुजले असतील, अंगाला खाज सुटली असेल किंवा धाप लागली असेल, तर ही गोष्ट भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगावी.

प्रश्न : क्लोरहेक्सिडीन इतके चांगले असेल तर माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात तपकिरी औषधच का घातले?

उत्तर : कारण डोळ्यासाठी तेच योग्य आहे. क्लोरहेक्सिडीनने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला कायमची इजा होऊ शकते. मोतीबिंदूपूर्वी डोळ्यात पाच टक्क्यांचे पोव्हिडोन आयोडीन घालणे ही डोळ्याच्या आतील भयंकर संसर्ग टाळण्याची प्रस्थापित पद्धत आहे. क्लोरहेक्सिडीन मधल्या आणि आतल्या कानात जाऊ देत नाहीत, कारण त्याने ऐकू येणे बंद होऊ शकते. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांपासूनही ते दूर ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची त्वचा अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीनने भाजल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, तर त्यांच्याच त्वचेतून आयोडीन शोषले जाऊन थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा कोणते औषध, हे शरीराचा भाग आणि रुग्णाचे वय पाहूनच ठरते.

प्रश्न : वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दहा दिवस झाले. घरी रोज सकाळी आम्ही टाक्यांवर तपकिरी औषध ओततो आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस करतो. जखम कोरडी आहे. हे किती दिवस करावे?

उत्तर : आजपासूनच थांबवावे, मात्र तुमच्या शल्यचिकित्सकांनी तसे मुद्दाम सांगितले असेल तर आधी त्यांना विचारावे. त्वचेवर चीर देण्यापूर्वी जंतू मारणे आणि जुळत आलेल्या जखमेची काळजी घेणे, ही दोन वेगळी कामे आहेत. टाके घालून बंद केलेली, कोरडी जखम साधारण ४८ तासांत वरून सांधली जाते. त्यानंतर तिला जंतुनाशकाची गरज नसते. पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ होत असल्याचे समाधान मिळते, पण त्या फेसात जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या नाजूक पेशीही मरतात.

तुमचे लक्ष औषधाऐवजी लक्षणांकडे असू द्यावे. टाक्यांभोवतीचा लालपणा दिवसेंदिवस पसरणे, ओसरत आलेली वेदना पुन्हा वाढणे, ताप, स्राव किंवा दुर्गंध, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वडिलांच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवला असेल तर ही दक्षता किमान तीन महिने घ्यावी, कारण अशा रोपणानंतरचा संसर्ग उशिराही प्रकट होतो.

प्रश्न : मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. अल्कोहोलचे औषध लावून झाल्यावर ते वाळेपर्यंत थांबावे, असे आम्हाला शिकवले आहे. पण यादी मोठी असली की काही डॉक्टर लगेच रुग्णावर पसरायचे हिरवे कापड मागतात, किंवा ‘पुसून घ्या’ म्हणतात. मी आग्रह धरावा का, आणि कसा?

उत्तर : अवश्य धरावा. या महिन्यातील सर्व पत्रांत तुमचे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण चांगल्या औषधाचा चांगुलपणा जेथे वाया जातो ती जागा तुम्ही नेमकी दाखवली आहे.

वाळण्याचा काळ हाच जंतू मरण्याचा काळ असतो. पुसून घेतले की जंतुनाशक काम करण्याआधीच कापडात जाते, आणि क्लोरहेक्सिडीनचा टिकून राहण्याचा जो गुण, तोही त्याच्याबरोबर पुसला जातो. केस नसलेल्या त्वचेवर किमान तीन मिनिटे थांबावे लागते. केस असलेल्या भागावर अल्कोहोल पूर्ण उडायला तासभरही लागू शकतो, म्हणून डोक्याच्या शस्त्रक्रियेत पुष्कळ ठिकाणी पाण्यातील द्रावणच निवडतात. पाण्यातील आयोडीनलाही वाळू द्यावे लागते, ते ओले असताना चीर दिली तर त्याचा पुरता उपयोग होत नाही.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. उमेदवारीच्या काळात, एका रुग्णालयात, मी ते स्वतः पाहिले. पोटाला औषध लावताना थोडे बेंबीत साचले होते आणि एक ओघळ कुशीवरून खाली जाऊन रुग्णाखालच्या चादरीत मुरला होता. वरून कापड पसरले गेले. कॉटरीची (रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेने डागणाऱ्या उपकरणाची) पहिली ठिणगी उडाली आणि काही क्षण कोणाच्याच काही लक्षात आले नाही, कारण अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि वरच्या प्रखर दिव्याच्या उजेडात ती दिसत नाही. कापडाची कड तपकिरी होऊन आत मुडपू लागली तेव्हा परिचारिकेने ओरडून सलाइन ओतले. रुग्णाच्या कुशीवर तळहाताएवढी त्वचा भाजली. तेव्हापासून बेंबी टिपून घेतल्याशिवाय आणि ओली चादर बदलल्याशिवाय मी कापड मागत नाही.

औषध लावण्याच्या रीतीबद्दलही दोन शब्द. पाण्यातील आयोडीन चिरेच्या जागेपासून बाहेर, गोल गोल फिरवत लावण्याची जुनी पद्धत अनेकांच्या हातात बसलेली असते. अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडीनसाठी मात्र हलका दाब देऊन मागेपुढे घासणे अपेक्षित आहे, कोरड्या जागी अर्धा मिनिट आणि जांघेसारख्या दमट जागी दोन मिनिटे, जेणेकरून ते त्वचेच्या बारीक घड्यांत शिरेल. नुसते रंगवल्यासारखे फिरवून ते साधत नाही.

बाटल्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. अर्धी संपलेली बाटली नव्याने भरून वापरू नये. जंतुनाशकात जंतू जगू शकत नाहीत, हा समज खोटा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पोव्हिडोन आयोडीनच्या न उघडलेल्या बाटल्यांतच स्यूडोमोनास सेपेशिया नावाचे जंतू जिवंत सापडले होते. ते कारखान्यातूनच आले होते. उघडलेल्या आणि पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटलीत ते येणे त्याहून सोपे आहे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. रंगहीन क्लोरहेक्सिडीन उघड्या वाटीत सलाइनच्या वाटीशेजारी कधीही ठेवू नये. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात आणि चुकून सिरिंजमध्ये ओढले गेल्यास परिणाम भीषण होतात.

आग्रह कसा धरावा, हेही तुम्ही विचारले आहे. वरिष्ठांना ‘थांबा’ म्हणणे तरुण परिचारिकेला जड जाते, हे मी जाणतो. शेवटचा हात फिरवून झाला की भिंतीवरील घड्याळ पाहून मोठ्याने सांगा, ‘औषध लावून झाले, नऊ वाजून चौदा मिनिटे.’ आणि नऊ वाजून सतरा मिनिटांनी सांगा, ‘वाळले आहे.’ त्या तीन मिनिटांत रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू आणि प्रतिजैविक दिल्याची वेळ सर्वांनी मिळून पडताळून घेता येते, म्हणजे डॉक्टरांचा एक क्षणही वाया जात नाही.